मधाची बाटली आणि राहून गेलेला एक प्रश्न



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ते नीट पार पडलं. आता अक्षरं स्वच्छ दिसतात, तेव्हा बरेच दिवस मनात घोळत असलेली एक गोष्ट लिहून टाकतो. विषय तसा माझा नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि ३५ वर्षं शाळेत मराठीच शिकवलं. विज्ञानाशी संबंध एवढाच, की सायन्सचे सर रजेवर असले की त्यांच्या तासाला मुलांना गप्प बसवायला मला पाठवायचे. त्यामुळे पुढे कुठे चुकलो तर जाणकारांनी खुशाल कान धरावा.

गोष्ट १९९४ सालची. तेव्हा आम्ही सोलापूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी राहत होतो. आमच्या गल्लीत दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे एक मधवाला यायचा. डोक्याला पटका, खांद्यावर झोळी, हातात डबा. डब्यातला मध तो आपल्या घरातल्या रिकाम्या बाटलीत ओतून द्यायचा. सात-आठ वर्षं आम्ही त्याच्याकडूनच मध घेत होतो. त्या वर्षी दोन बाटल्या घेतल्या. पहिली संपली. दुसरी डिसेंबरात उघडली, तर आत मध नव्हताच! तळापासून अर्ध्यापर्यंत पांढरट, रवाळ गोळा. चमचा घातला तर कचकच आवाज.

मला वाटलं, साखर! सरळ सरळ साखर! फसवलं आपल्याला.

मधाच्या परीक्षा मला सगळ्या पाठ होत्या. तुम्हालाही असतील. पाण्यात थेंब टाकला तर खरा मध न विरघळता तळाला जातो. टीपकागदावर पसरत नाही. वात बुडवून पेटवली तर जळते. कुत्रं त्याला तोंड लावत नाही. आणि खरा मध कधी थिजत नाही, हे तर मी वर्गात मुलांनाही सांगितलेलं. कुणी सांगितलं होतं मला? माझ्या वडिलांनी. त्यांना? बहुधा त्यांच्या वडिलांनी.

जानेवारीत तो मधवाला पुन्हा गल्लीत आला. मी बाटली घेऊन ओट्यावर आलो आणि सगळ्यांच्या देखत त्याला धारेवर धरलं. शेजारपाजारचे जमले. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, थंडीनं थिजलाय त्यो. उन्हात ठेवा, न्हाईतर कोमट पाण्यात धरा. सूर्यफुलाचा हाय, लगेच थिजतो."

मी काय म्हणालो ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हणालो, "मला शिकवतोस?"

वयानं तो माझ्याहून थोरला असावा. मी त्याला अरेतुरे केलं. तो पुढे काही बोलला नाही. झोळी उचलली आणि गेला. गुरुजींनी सांगितलं म्हटल्यावर गल्लीतल्या दुसऱ्या कुणी त्याच्याकडून मध घेतला नाही. पुढच्या दिवाळीत तो आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

मी ही गोष्ट विसरून गेलो. खरं तर विसरलो म्हणण्यापेक्षा, 'एका लबाडाला कसं पकडलं' या नावानं ती वर्षानुवर्षं सांगत राहिलो. नातेवाईक मंडळींनी ती माझ्या तोंडून चार-पाच वेळा तरी ऐकली असेल. म्हणूनच आज तिचा उरलेला भाग लिहायला हवा.

डिसेंबर २०२० मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेनं बाजारातल्या १३ ब्रँडच्या मधाची तपासणी करून घेतली होती. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत 'एनएमआर' नावाची चाचणी झाली, तिच्यात फक्त ३ ब्रँड उतरले. काही कंपन्यांनी तो निकाल मानला नाही, ती गोष्ट वेगळी. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच मुद्द्यानं. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत यातले बरेच मध पास झाले होते. म्हणजे भेसळ करणारे परीक्षेचा पेपर आधीच पाहून पाक बनवत होते!

आमची मोठी नात तेव्हा केमिस्ट्री शिकत होती, आता पुण्यात पीएच.डी. करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, उसाची आणि मक्याची साखर ओळखता येते, कारण त्या झाडांच्या कार्बनमध्येच एक वेगळी खूण असते. पण तांदळाची किंवा बीटची साखर घातली तर ती खूण फुलांच्या रसासारखीच दिसते. मग ती चाचणी फसते."

"आणि थिजलेला मध? तो तर साखरेचाच ना?"

फोनवर क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "नाही हो आजोबा. थिजणं हा मधाचा स्वभावच आहे. मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज असतं आणि ३१ टक्के ग्लुकोज. पाणी जेमतेम १७ टक्के. एवढ्याशा पाण्यात एवढं ग्लुकोज कसं राहणार? थंडीत त्याचे खडे होतात. ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर थिजतो. मोहरीचा, सूर्यफुलाचा..."

सूर्यफुलाचा. २६ वर्षांनी तोच शब्द, दुसऱ्या तोंडून.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी चहा घेताना मी आमच्या हिला सगळं सांगितलं. ती उठली आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. तीच बाटली! मी तेव्हा फेकून द्यायला सांगितलेली. "जुना मध औषधाला चांगला म्हणतात. शिवाय मला काही तो खोटा वाटला नव्हता," ती म्हणाली. तेव्हा का नाही बोललीस, असं मी विचारलं. त्यावर ती नुसती हसली. ते हसणं तुमच्यापैकी ज्यांचा संसार जुना आहे त्यांना कळेल.

बाटलीत तळाला कडक झालेला थर होता आणि वर काळपट चिकट द्रव. माझ्या मनात एकच विचार. हे एनएमआरमध्ये घालायचं. कोण खरं होतं, याचा निकाल लावून घ्यायचा.

तो योग मागच्या हिवाळ्यात आला. नातीनं तिच्या सरांची परवानगी घेतली आणि यंत्र रिकामं असेल अशी रात्रीची वेळ ठरली. आम्ही दोघं पुण्याला गेलो. मात्र यंत्राच्या खोलीच्या दारावरच मला अडवलं. दोन वर्षांपूर्वी मला पेसमेकर बसवलाय आणि आत इतका जबर चुंबक आहे, की पेसमेकरवाल्याला प्रवेश नाही. तिचं घड्याळ, बँकेचं कार्ड, किल्ल्या सगळं तिनं बाहेर ठेवलं. मी काचेतून बघत होतो. पिंपासारखं पांढरं उंच भांडं, तीन पायांवर उभं. आत तारेचं वेटोळं, ते उणे २६९ अंशाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं. त्याच्या बाहेर द्रवरूप नायट्रोजनचं आवरण, उणे १९६ अंशाचं. इतक्या थंडीत तारेचा विजेला विरोधच उरत नाही. एकदा वीज सोडली की ती वर्षानुवर्षं आपली आपण फिरत राहते आणि चुंबक चालू राहतो. पृथ्वीच्या चुंबकापेक्षा दोन लाख पटींहून अधिक ताकदीचा!

नंतर बाहेरच्या खोलीत बसून तिनं मला हे प्रकरण समजावलं. मला समजलं तसं सांगतो.

एनएमआर म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. शब्द ऐकून दचकू नका. मराठीच्या मास्तराला तर हा शब्द फार आवडला. 'अनु' म्हणजे मागोमाग. एकाच्या स्पंदनाला साथ देत मागोमाग उमटणारं दुसरं स्पंदन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र हा एक इवलासा चुंबक असतो. मोठ्या चुंबकात ठेवलं की ही केंद्रं त्या दिशेशी जुळवून घेतात. मग त्यांच्यावर रेडिओलहरींचा एक छोटासा ठोका द्यायचा. ठोका थांबला की ती पुन्हा पहिल्या जागी येऊ लागतात, आणि येता येता स्वतःच बारीकसा आवाज देतात. आवाज म्हणजे कानाला ऐकू येणारा नव्हे, रेडिओचाच. यंत्र तो ऐकतं.

मी म्हटलं, म्हणजे आमच्या शाळेचा टोल! शिपाई हातोडा मारतो आणि बाजूला होतो. पण टोल घुमत राहतो.

"बरोबर," ती म्हणाली. "आता समजा, तालुक्यातल्या दहा शाळांचे टोल एका ओळीत टांगलेत आणि सगळ्यांवर एकदम हातोडा पडला. तुम्हाला नुसता गोंगाट ऐकू येईल. पण त्यात कुठकुठले सूर आहेत आणि कुठला किती मोठा आहे, हे कम्प्युटर गणितानं वेगळं काढतो." ते गणित फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं, दोनशे वर्षांपूर्वीचं.

पण टोल तर सगळे हायड्रोजनचेच. मग सूर वेगळे का? तर शेजारामुळे. प्रत्येक हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनचं पांघरूण असतं. शेजारी ऑक्सिजन असला की तो ते पांघरूण आपल्याकडे ओढतो, थंडीत एका गोधडीत झोपलेल्या भावंडांसारखा. मग उघड्या पडलेल्या हायड्रोजनला चुंबक थोडा जास्त जाणवतो आणि त्याचा सूर किंचित चढतो. किंचित म्हणजे दहा लाखांत एखाददोन भाग. पण तेवढ्यावरून कळतं, की हा हायड्रोजन कुणाच्या शेजारी राहतो. पदार्थ जाळावा लागत नाही, फोडावा लागत नाही. काम झालं की नमुना जसाच्या तसा परत मिळतो.

तिनं मला उदाहरणादाखल साध्या अल्कोहोलचा आलेख दाखवला. त्यात हायड्रोजनचे तीन गट. एकात तीन, एकात दोन, एकात एक. आलेखावर तीन शिखरं, आणि त्यांचं क्षेत्रफळ बरोबर ३:२:१. म्हणजे शिखरं ही हजेरीसुद्धा घेतात! हा तिपेडी आलेख पहिल्यांदा १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला प्रसिद्ध झाला. तो काढणाऱ्या तिघांत आपल्याकडचे डॉ. एस. एस. धर्मट्टी होते. पुढे त्यांनीच मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं. या शोधाचा पाया ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ साली घातला, त्यांना १९५२ साली नोबेल मिळालं. आणि हो, दवाखान्यात आपण एमआरआय काढतो ना, तो याच विद्येचा भाऊ. त्यातलं 'अणुकेंद्रीय' हे नाव गाळलं, कारण ते ऐकून पेशंट घाबरतात!

एवढं झाल्यावर आमची बाटली निघाली. नातीनं ती कोमट पाण्यात धरली. हो, कोमट पाण्यात. हळूहळू सगळे खडे विरघळले आणि काळसर सोनेरी मध तयार झाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. १९९५ च्या जानेवारीत हे करायला मला अर्धा तास लागला असता. एक पातेलं आणि चूल.

तिनं त्यातला थोडासा मध जड पाण्यात विरघळवला. साध्या पाण्यातही हायड्रोजन असतो, त्याच्या गलक्यात बाकीचे ऐकू येत नाहीत, म्हणून हे खास पाणी. आम्लता ठरावीक केली. मग वीतभर लांब आणि पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळीत ते भरलं आणि आत सोडलं. मी काचेबाहेर उभा. परीक्षेच्या निकालाला पोरं थांबतात तसा.

आलेख आला. शिखरांचं रानच! ती एकेकावर बोट ठेवत गेली. "५.२ आणि ४.६ ला दिसतंय ते ग्लुकोज. ही सगळी गर्दी फ्रुक्टोज आणि ग्लुकोजची मिळून. ५.४ ला आपली नेहमीची साखर दिसते, इथे ती फारच थोडी आहे. आणि हे बारकं दिसतंय ना, हे प्रोलीन. ते मधात मुख्यतः मधमाशीकडून येतं. नुसत्या साखरेच्या पाकात ते नसतं."

मी खुर्चीतून उठलोच. "म्हणजे तो खरा होता!"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, असं मी म्हणू शकत नाही. यात खरा मध आहे हे नक्की. पण फक्त मधच होता का, हे आता सांगता येत नाही. साखर मिसळली असती तरी मधाच्या आम्लामुळे आणि त्यातल्या एन्झाइममुळे ती इतक्या वर्षांत फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच झाली असती. शिवाय मधाचा निकाल एका आलेखावरून लावत नाहीत. हजारो खऱ्या मधांचे आलेख गोळा करून ठेवलेले असतात, त्यांच्याशी ताडून बघतात. तीस वर्षांच्या जुन्या सूर्यफुलाच्या मधाचा आलेख मी कुठून आणू? ताजा असताना आणला असतात तर..."

एवढं मोठं यंत्र. उणे २६९ अंश. दोन लाख पट चुंबक. आणि उत्तर काय, तर सांगता येत नाही.

खरं सांगतो, मला आधी रागच आला. मी निकाल घ्यायला आलो होतो. तो निर्दोष निघाला असता तर मनातल्या मनात त्याची माफी मागून मोकळा झालो असतो. दोषी निघाला असता तर... तर बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो. यातलं काहीच झालं नाही. परतीच्या एसटीत आमची ही खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी त्या 'सांगता येत नाही'चा विचार करत बसलो.

३५ वर्षं मी पेपर तपासले. उत्तराखाली मी बरोबर लिहिलं, चूक लिहिलं, गुण दिले, कापले. 'सांगता येत नाही' असं एकदाही लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता. माझी २५ वर्षांची नात एवढं सगळं शिकून, समोर आजोबा आशेनं बघत असताना, 'सांगता येत नाही' म्हणू शकली. तिनं मला बरं वाटेल असं उत्तर दिलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि माझी थोडी शरम.

आणखी एक गोष्ट सुचली, ती जास्त बोचली. ते यंत्र करतं काय? पदार्थाला विचारतं आणि मग गप्प बसून ऐकतं. ठोका देऊन झाल्यावर ते स्वतः आवाज करत नाही. केलाच तर पदार्थाचा बारीक आवाज त्यात बुडून जाईल. मला उत्तर हवं होतं तर माणूस माझ्यासमोर उभा होता. त्यानं ते दिलंही होतं, तीन छोट्या वाक्यांत. कारण, उपाय आणि फुलाचं नाव. मी ऐकलं नाही. मी गुरुजी होतो ना!

गेल्या महिन्यात मुलाच्या गाडीतून त्या गावी जाऊन आलो. आमची जुनी गल्ली आता ओळखू येत नाही. ज्यांना विचारता येईल अशी जुनी माणसं दोनच उरलीत. एकाला मधवाला आठवतच नव्हता. दुसऱ्या बाईंना मात्र आठवला. पण काय आठवलं? "तोच ना, साखरेचा मध विकायचा? तुम्हीच तर पकडला होता त्याला."

मी तिथेच ओट्यावर टेकलो आणि त्यांना सगळं सांगितलं. मध का थिजतो तेही सांगितलं. मुलगा गाडीपाशी थांबून घड्याळ बघत होता. त्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "असं होय? मग बिचाऱ्याला उगीच घालवला आपण." 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत, 'आपण' म्हणाल्या. त्यांचा मोठेपणा.

त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, तेव्हा शोधणार कसं? आता माझ्या हातात एवढंच आहे, की जी गोष्ट मी इतकी वर्षं चुकीची सांगितली ती ज्यांना ज्यांना सांगितली त्यांना दुरुस्त करून सांगायची. मंडळी, हा लेख त्यासाठीच. आमच्या नातलगांपैकी कुणी ती गोष्ट पुढे सांगितली असेल, तर कृपा करून तीही दुरुस्त करा.

बाटली परत ट्रंकेत ठेवलेली नाही. ती स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. थंडी पडली तसा तळाशी पुन्हा पांढरा थर धरू लागलाय. सकाळी ही त्यातलंच चमचाभर सितोपलादीबरोबर मला देते. मी मुकाट्यानं घेतो.